डुकराचे दात

आमच्या जोतीराम भाऊजींना सगळं कोऱ्हाळं गाव मिस्त्री म्हणतं. ते माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चड्डीत हिंडत होते, आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी इंदापूरला हायवेच्या कडेला ट्रक खोलले आणि जोडले. पुढं गावात घराशेजारी, रस्त्याला लागून पत्र्याचं शेड टाकलं आणि ऊस ओढणारे ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागले. माणूस बोलायला कमी. आमटीत मीठ नसलं तरी सांगायचे नाहीत, पण लांबनं ट्रॅक्टर येताना ऐकला की घास हातात धरून म्हणायचे, "ह्याचं बेअरिंग गेलंय." मीठ त्यांना कळत नव्हतं असं नाही, त्यांचे कान जिभेपेक्षा पुढं होते एवढंच.

सहा वर्षांमागं त्यांनी ट्रॉलीत घालून एक मोटार घरी आणली. बारामतीच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात ती कडब्याखाली पडून होती. जुनी फियाट. पुढचं तोंड असं मुस्काट काढल्यासारखं, की जुन्या लोकांनी तिचं नावच 'डुक्कर फियाट' पाडलेलं. पुढची दारं उलटीकडनं उघडतात. आत बसायचं तर आधी आपण मागं सरायचं. माझी जाऊ म्हाळसा दारात उभी होती. ती म्हणाली, "लोक म्हातारपणी गाय घेत्यात. आमच्या ह्यांनी डुक्कर आणलं."

तेव्हापासून घरात त्या गाडीला सगळे डुक्करच म्हणतात. "डुकराला ताडपत्री घातली का?" "डुकराच्या खाली कोंबडी बसलीय." पाहुणे घाबरायचे.

असल्या गाडीचं सामान दुकानात मिळत नाही. ते शोधावं लागतं, आणि शोधायची भाऊजींची एक रीत होती. मोडका भाग ते कधी टाकत नसत. तो फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचा आणि जाईल तिथं काढून दाखवायचा. लग्नात, दहाव्याला, एसटीत, बँकेच्या रांगेत. "असलं काय बघितलंय का कुठं?" मी एकदा म्हटलं, "भाऊजी, दहाव्याला तरी पिशवी घरी ठेवा." तर म्हणाले, "वैनी, दहाव्यालाच जुनी माणसं येत्यात." ते खरंच होतं. पुढच्या दिव्याची कडी त्यांना दहाव्यालाच कळली. निमगावात एका घरी रांजणावर झाकणीखाली बसवलेली होती. काच खालीवर करायचा दांडा मुंबईला एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याकडं सापडला. असं करत करत पाच वर्षांत इंजिन लागलं, ब्रेक लागले, गादी झाली. मधे म्हाळसा गेली. त्यानंतर भाऊजी घरात जेवण्यापुरते यायचे, बाकी शेडात.

राहिलं एकच. मागच्या दोन चाकांच्या मधे आसाला लोखंडाचा एक गोळा असतो. इंजिनाचा फेर चाकांना पोचवायचं काम त्याचं. त्याला हे लोक डिफ्रन्शल म्हणतात. त्याच्या आत दोन दातेरी चाकं, एक थोरलं, एक धाकटं. आमच्या डुकराचे ते दात पार झिजून गेलेले. इंजिन चालू व्हायचं, छान घुरघुरायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

भाऊजींचा मुलगा युवराज टोमॅटो-मिरची करतो. त्याला रोपं तयार करायला शेड पाहिजे होतं. पोरगं वाईट नाही, पण सहा वर्षं 'आज चालंल, उद्या चालंल' ऐकून घेतलेलं. गौरी जेवल्या त्या दिवशी ओसरीवर बोलणं निघालं.

"तात्या, दसऱ्याला आपण सगळ्या गाड्यांची पूजा करतो," युवराज म्हणाला. "त्या दिवशी ही गाडी शेडातनं दारापर्यंत स्वतःच्या चाकानं आली पायजे. ढकलत न्हाय, ओढत न्हाय. आली तर मी शेडाचं नाव काढणार न्हाय. न्हाय आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलवणार."

भाऊजी पान चुना लावून दुमडत होते. ते तोंडात घातलं आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. मला मात्र काळजी लागली, ती गाडी भंगारात गेली तर भाऊजी सकाळी उठून जायचे कुठं?

पुढं पंधरा-वीस दिवस ते पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन आले, सोलापूरला जाऊन आले. पिशवीतलं झिजलेलं चाक दाखवून दाखवून फडकं फाटलं. मग मी म्हटलं, "मोबाइलवर टाकू या. माझ्या मोबाइलात शेतकऱ्यांचे चार ग्रुप हायेत."

मी तिसरी शिकलेली. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून मी मोबाइलात बोलते आणि तो लिहितो. भाऊजींनी सांगितलं, "लिवा, डुक्कर फियाटचं डिफ्रन्शल पायजे, क्राऊन-पिनियनचे दात शाबूत पायजेत." आता ते शब्द माझ्या तोंडात बसेनात. मोबाइलनं तीनदा वेगवेगळंच लिहिलं. 'फियाट'चं तर त्यानं 'फेटा' केलं. म्हणून मी ते काढून टाकलं आणि साध्या भाषेत सांगितलं. निरोप गेला तो असा:

'डुकराचा मागचा भाग पाहिजे. कितीही जुना चालेल. आतले दात शाबूत पाहिजेत. योग्य मोबदला देऊ. जोतीराम मिस्त्री, कोऱ्हाळे बुद्रुक.'

मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमच्या घरात डुक्कर म्हणजे गाडी.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात खाकी कपड्यातला माणूस आला. वनखात्याचा गार्ड, नाव ज्ञानेश. आमच्याकडं उसात रानडुकरं लई झाली आहेत, आणि त्यांना मारायची मनाई आहे.

"जोतीराम मिस्त्री कोण?" त्यानं विचारलं.

"मीच की," भाऊजी म्हणाले.

"डुकराचे दात तुमी घेताय का?"

भाऊजींचा चेहरा उजळला. "व्हय व्हय! हायेत का तुमच्याकडं?"

गार्ड जरा मागं सरला. "आबा, सरळ कबूल करताय? आतापतोर किती घेतले?"

"कुठं मिळत्यात साहेब? पुण्याला न्हाईत, सोलापूरला न्हाईत. एक हाय माझ्याकडं, पण त्याचे दात पार गेल्यात."

"एक हाय? कुठं हाय?"

"शेडात. ताडपत्रीखाली."

"मेलेलं का जित्तं?"

"तोंडाकडनं जित्तं हाय," भाऊजी म्हणाले. "मागनं मेलंय."

त्या माणसानं वहीत काहीच लिहिलं नाही. वही तशीच उघडी धरून तो भाऊजींच्या मागनं शेडात गेला आणि मी त्याच्या मागनं, कारण तोवर माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला होता. भाऊजींनी ताडपत्री ओढली. गार्डनं गाडी बघितली, मोबाइलातला निरोप काढून परत वाचला आणि खाली ओट्यावर बसून हसायला लागला. "मला वाटलंच," तो म्हणाला, "डुकराच्या मागच्या भागात दात कसले? पण वरनं आदेश आला, जाऊन बघून या."

मी चहा टाकला. चूक माझी होती, तेव्हा साखर जरा जास्त घातली. चहा पिता पिता भाऊजींनी आपली पिशवी काढलीच. झिजलेलं चाक दाखवलं, गाडीखाली बॅटरी मारून गोळा दाखवला. गार्ड वाकून बघत राहिला.

"असला गोळा मी बघितलाय," तो म्हणाला. "कळंबच्या शिवारात एक म्हातारी छकड्यातनं चाऱ्याचं कडवळ नेती. छकड्याच्या पोटाखाली असाच गोळा लोंबतोय. मला कळंना, बैलगाडीला हे कशाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. बारामतीत गाडी बदलून कळंबला उतरलो. मी बरोबर गेले, कारण अनोळखी घरी बाईशी बाईनं बोललेलं बरं.

म्हातारीचं नाव तानूबाई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी थोरली, कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिच्या नवऱ्यानं तीस वर्षांमागं एका मोडीत निघालेल्या गाडीचा मागचा आस आणून त्यावर एका बैलाचा छकडा बांधला होता. गोळा काढला असता तर चाकं राहिली नसती, म्हणून तसाच ठेवलेला. भाऊजी अंगणातच छकड्याखाली उताणे झाले. गोळ्याचं झाकण काढलं, बोट घातलं, बाहेर काढलं. बोट काळ्या तेलानं भरलेलं.

"मावशी, ह्यात तेल कुणी घातलं?"

"मीच की," तानूबाई म्हणाली. "दर बेंदराला बैलाच्या शिंगाला रंग आन् ह्याला तेल. मालक घालायचे, म्हणून मी घालते. का घालायचं ते त्यांनी सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय."

भाऊजींनी फडक्यानं दात पुसले आणि मोजले. थोरल्या चाकाचे त्रेचाळीस, धाकट्याचे दहा. पिशवीतल्याशी जुळले. एका दाताच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, बाकी सगळे शाबूत. छकड्याखालनं बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत शेण लागलेलं, आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"मावशी, काय घ्यायचं ते घ्या," ते म्हणाले.

"पैशाला चाकं असत्यात का?" तानूबाई म्हणाली. "आस न्यायचा तर न्या. पण माझा बैल एक दिस रिकामा उभा ऱ्हायला न्हाय पायजे. दुसरा आस आणा, बसवा, मग हा न्या."

दसऱ्याला सात दिवस होते. भाऊजींनी बारामतीहून चौकोनी लोखंड आणि बेअरिंग आणून दोन दिवसांत आस केला. युवराजच्या टेम्पोतनं कळंबला नेऊन बसवला. छकडा अंगणात छान फिरला आणि फाटकात अडकला. चार बोटं रुंद झाला होता. युवराज म्हणाला, "मावशी, फाटकाचा खांब जरा सरकवू की."

तानूबाई म्हणाली, "खांब मालकांनी पुरलाय."

भाऊजींनी तो आस उतरवला, परत शेडात आणला, कापला, पुन्हा जोडला. युवराजला राहवेना. "तात्या, लोकांच्या छकड्याला तीन दिस, आन् आपल्या गाडीला किती उरलं? चालतोय की तो अंगणात!"

"बैल अंगणात कडवळ खातो, पिकवत न्हाय," भाऊजी म्हणाले. "तिला रोज त्या फाटकातनं जायचंय."

चौथ्या दिवशी छकडा फाटकातनं गेला आणि तानूबाईनं जुना आस आपल्या हातानं पुसून दिला. आमच्याकडं तीन दिवस उरले.

टवका उडालेला कोपरा भाऊजींनी कानशीनं गोल करून घेतला, मग चाकं बसवायला घेतली. नुसती बसवून भागत नाही. दात दातावर बरोबर टेकावे लागतात, नाहीतर आठ दिवसांत खातात एकमेकांना. टेक कळायला भाऊजी दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात. चाक फिरवलं की जिथं टेकतं तिथला शेंदूर पुसला जातो. शेडातला शेंदूर संपला, तर माझ्याकडं मागायला आले. मारुतीसाठी आणलेली पुडी मी दिली. मारुतीला म्हटलं, औंदा तू जरा फिका राहा.

पहिल्या खेपेला टेक दाताच्या टोकाला आला. उतरवलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पातळ चकती घातली. दुसऱ्या खेपेला बुडाला आला. परत उतरवलं. दसऱ्याच्या सकाळी तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा कुठं पुसलेला ठिपका दाताच्या मधोमध आला. भाऊजींनी मला बोलावून तो ठिपका दाखवला. मला त्यातलं काय कळतंय? पण मी म्हटलं, "झ्याक आलाय."

दुपारी दारात सगळं धुऊन पुसून लावलं होतं. ट्रॅक्टर, टेम्पो, दोन मोटारसायकली, फवारणीचा पंप. झेंडूच्या माळा घातलेल्या. युवराज हातात नारळ घेऊन उभा. शेडात इंजिन चालू झालं. सगळे तिकडं वळले.

गाडी हलली. खरंच हलली. शेडाच्या उंबऱ्यापर्यंत आली, पुढची चाकं उंबऱ्यावर चढली आणि इंजिन बंद पडलं. गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर.

युवराज नारळ खाली ठेवून धावला आणि मागं जाऊन त्यानं गाडीला दोन्ही हात टेकवले. खांदाही लावला. पोरगं लहानपणापासून बंद पडलेल्या गाड्या ढकलतच वाढलेलं. हात आपोआप गेले.

"हात काढ!" भाऊजी आतनं ओरडले. आयुष्यात मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "धक्का दिलास तर तुझाच शब्द मोडंल, गाढवा!"

युवराजनं हात काढले. तो हातभर मागं सरून उभा राहिला, पण हात तसेच पुढं धरलेले. भाऊजींनी परत चावी फिरवली. एकदा नाही, दोनदा नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं आणि धरलं. गाडी उंबरा उतरली, अंगणातनं आली आणि ट्रॅक्टरच्या मागं, रांगेच्या शेवटी उभी राहिली. मागनं बारीक किणकिण आवाज येत होता. भाऊजी खिडकीतनं कान बाहेर काढून ऐकत होते. म्हणाले, "एवढा चालतोय."

युवराजनं नारळ उचलला, गाडीकडं बघितलं, परत ठेवला. ट्रॅक्टरवर चढला आणि ट्रॅक्टर मागं घेतला, टेम्पो बाजूला घेतला. मग भाऊजींना म्हणाला, "तात्या, पुढं घ्या. पयली हिची."

आता शेडात अर्ध्या भागात रोपांचे ट्रे आहेत आणि अर्ध्यात गाडी. ते भाऊजींनीच सुचवलं. एवढी जागा तिला लागत नाही म्हणाले. सकाळी रोपांना पाणी मारायच्या आधी युवराज गाडीवर ताडपत्री टाकतो, आणि पाणी मारून झालं की काढतो. त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.