यातली अंजली कोणती?

त्या रविवारी भिमाबाई पगारेंनी वस्तीतलं एकही दार सोडलं नाही. शहरातल्या द्वारका नावाच्या चौकातून आत वळलं की ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांमागं त्यांची वस्ती लागते. घरोघर जाऊन त्या एकच निरोप देत होत्या, "संध्याकाळी सातला विहारात या. आपली अंजली टीव्हीवर हाय."

"गाणं म्हणते का?" कोणीतरी विचारलं.

"नाय. समुद्राच्या तळाशी जाती. त्याचीच सिरियल हाय. निळा मुलूख म्हणून."

अंजली त्यांची थोरली. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करून तिनं मोठी पदवी घेतली होती, आणि गेलं दीड वर्ष ती अंदमानात होती. तिथं ती पोवळी मोजते, एवढं भिमाबाईंना ठाऊक होतं. पोवळं म्हणजे त्यांना गळ्यातल्या माळेतला लाल मणी माहीत. एकदा अंजली फोनवर हसून म्हणाली होती, "आई, मणी नंतर होतो. आधी ते जिवंत असतं. वस्ती करून राहतं, आपल्यासारखं. पाणी तापलं की पांढरं पडून मरतं. किती जगलं, किती मेलं, ते मी बघते." भिमाबाईंनी हे वस्तीत सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. पण मोजून पुढं काय, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "मोजलं नाय तर कळंल कसं?" आणि आपल्या कामाला लागत.

काम म्हणजे मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटण्याचं. दुसऱ्यांच्या लेकींना गरम पोळी वाढून घरी यायचं आणि आपली लेक काय खात असेल याचा विचार करत बसायचं, अशी कैक वर्षं गेली. नवरा धोंडीराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. तो कमी बोले. अंजलीचा फोन आला की तो आवाज बंद करून टीव्ही बघत राही, आणि बायकोनं फोन ठेवला की विचारी, "काय म्हणती?" सगळं ऐकलेलं असलं तरी पुन्हा विचारी.

पोरीला पाण्याचं वेड लागलं कुठून, याचं उत्तर भिमाबाईंच्या मनात होतं. त्यांचं माहेर इगतपुरीकडचं. भाताची चार खाचरं, ओढ्याकाठी घर. त्या लहान असतानाच तिथं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं वर टेकाडावर आली, तिथून पांगली. भिमाबाईंची आई मात्र दर उन्हाळ्यात, पाणी उतरलं की, काठावर जाऊन बसायची. कधी विहिरीचा कठडा दिसे, कधी खळ्याचे दगड. घर काही दिसलं नाही. पुढं आई गेल्यावर भिमाबाई जाऊ लागल्या. एका वर्षी सहा-सात वर्षांच्या अंजलीला त्यांनी बरोबर नेलं.

"आजीचं घर कुठाय?" पोरीनं विचारलं.

"त्या तिथं. खाली."

"आता त्यात कोण राहतं?"

"मासे राहत असतील."

पोरगी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "मी जाऊन बघून येऊ?" भिमाबाईंनी घाबरून तिचं मनगट धरलं ते एसटीत बसेपर्यंत सोडलं नाही. पण पोरगी कुठं ऐकणारी! दहावीनंतर महापालिकेच्या तलावात पोहायला शिकली. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं. मग गोव्याला गेली, मग मालवणला, मग त्याहून लांब. दर वेळी घर आणि तिच्यामधलं पाणी वाढतच गेलं. आपण त्या दिवशी तिला काठावर नेलं नसतं तर, असं भिमाबाईंना कधी कधी वाटे. पण दुसऱ्याच क्षणी, न नेता तरी कसं चाललं असतं, असंही वाटे.

सातच्या आधीच विहाराचं सभागृह भरलं. बाया चटईवर, पुरुष भिंतीकडेला. जय भीम, जय भीम करत उशिरा येणारे दारातच उभे राहिले. भिमाबाई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून पुढं बसल्या होत्या. शेजारच्या यशोदाबाईंनी त्यांच्यासाठी टीव्हीसमोरची जागा धरून ठेवली होती.

मालिका सुरू झाली. खर्जातल्या आवाजाचा एक गृहस्थ मराठीत सांगत होता. आधी बर्फाखालचे जीव आले, मग कुठल्याशा परमुलखातली कासवं. भिमाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी एकदाचं मालवण आलं; अंजली तिथं होती तेव्हाचं चित्रण. होडीच्या काठावर पाच-सहा जण ओळीनं बसले होते. अंगभर काळा पोशाख, तोंडावर काचेचा मुखवटा, पाठीवर हवेची टाकी. एकामागून एक ते पाठमोरे पाण्यात पडले.

"अगं, यातली अंजली कोणती?" यशोदाबाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या माना भिमाबाईंकडं वळल्या. त्यांनाही ओळखू येईना. नऊ महिने पोटात वागवलेली, न्हाऊ-माखू घातलेली लेक, आणि समोर सगळे एकसारखे! केस दिसत नव्हते, चेहरा नव्हता, चालही नव्हती, कारण तिथं कोणी चालतच नव्हतं. त्यांनी धोंडीरामकडं पाहिलं. तो टीव्हीकडं टक लावून होता.

तेवढ्यात पडद्यावर अंगभर पांढरे ठिपके असलेला एक भलामोठा मासा आला. बाकीचे बाजूला झाले, पण एक किडकिडीत आकृती तिथंच थांबली. पुढं गेली नाही, मागंही सरली नाही. हात छातीशी घेऊन, मान जराशी कलती करून, माशाला वाट देत उभी राहिली. मासा अगदी जवळून गेला तेव्हा ती हळूच वळली आणि त्याच्या बरोबरीनं थोडी तरंगत गेली.

"ती!" भिमाबाई ओरडल्या. "ती बघा! तीच माझी अंजली!"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. भिमाबाईंना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ती आकृती पडद्यावर होती तोवर त्यांनी पापणी लववली नाही. ती खडकाशी कशी थांबली, तिनं पाय कसे जुळवले, बोटानं दुसऱ्याला काय खूण केली, सगळं त्यांनी डोळ्यांत भरून घेतलं. भाग संपल्यावर यशोदाबाईंनी सगळ्यांना बुंदी वाटली. लोक येऊन धोंडीरामचा हात हातात घेत होते. तो नुसतं "हो, हो" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून परत येताना वाटेतच अंजलीचा फोन आला.

"आई, बघितलंस?"

"बघितलं की! अख्ख्या वस्तीनं बघितलं. एवढा मोठा मासा अंगावरनं गेला, तुला भ्या नाय वाटलं?"

 

"आई, तो योगेश होता."

"कोण योगेश?"

"आमच्यातलाच एक. सटाण्याचा. मी त्या दिवशी पोवळ्यांकडे होते." अंजलीचा आवाज बारीक झाला. "माझी मुलाखत घेतली होती गं, अर्धा दिवस. तुझ्याबद्दल, धरणाबद्दल, सगळं बोलले होते. काढून टाकली. वेळेत बसलं नाही म्हणे. मलाही काल बघतानाच कळलं."

भिमाबाई रस्त्याच्या कडेला एका रसवंतीच्या बाकावर टेकल्या. "मंग तू कुठंच नाय का त्यात?"

"आहे ना. मालवणच्या शेवटी शेवटी एक हात येतो बघ, पोवळ्यावर मोजायची टेप धरलेला. तो माझा."

भिमाबाईंनी आठवून पाहिलं. हात काही आठवेना. तेव्हा त्या आनंदाच्या भरात माणसांशी बोलत होत्या.

"बुधवारी दुपारी पुन्हा दाखवणार आहेत," अंजली म्हणाली. "नाही बघितलास तरी चालेल. हातच तर आहे."

"तू घरी कधी येशील?"

"उन्हाळ्यात बघते, आई."

घरी येऊन त्यांनी धोंडीरामला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात कोणता? उजवा का डावा?" भिमाबाईंना ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

वस्तीला सांगावं की गप्प राहावं, यात त्यांची दुपार गेली. पण संध्याकाळी यशोदाबाई दारात येऊन पुन्हा त्या माशाची गोष्ट काढू लागल्या, तेव्हा त्यांना राहवलं नाही. "ती अंजली नव्हती गं. दुसऱ्याचाच पोरगा होता."

यशोदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी आपण टाळ्या वाजवल्या त्या दुसऱ्याच्या लेकराला? असू दे. त्याच्याबी आईला बरंच वाटंल."

यशोदाबाई सहज बोलून गेल्या, पण भिमाबाईंच्या मनात ते घर करून बसलं. त्या पोराच्या आईनं बघितलं असेल का? तिला तरी ओळखू आला असेल का? दुसऱ्या दिवशी त्यांनी अंजलीकडून नंबर मागवला आणि सटाण्याला फोन लावला.

पलीकडून वयस्क बाईचा, तिकडच्या बोलीतला आवाज आला, "कोन बोली ऱ्हायनं?" त्या सगुणाबाई, योगेशच्या आई. कांदा साठवायच्या चाळीत काम चाललं होतं, मागं बायांचा गलका ऐकू येत होता. भिमाबाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "रविवारी टीव्ही बघितला का तुम्ही?"

"काय सांगू माय, लाईटच गयी आमनी. शेजारीन बोलनी, तुना पोऱ्या दिसनाच नही." सगुणाबाई म्हणाल्या. "सगळा सारखाच दिखतस म्हने. मंग मी बी सोडी दिनं."

"दिसला, ताई. चांगला दिसला," भिमाबाई म्हणाल्या. "मी सांगते ना तुम्हाला."

आणि त्या सांगत गेल्या. मासा केवढा होता, बाकीचे कसे बाजूला झाले आणि योगेश एकटाच कसा थांबला. त्यानं हात छातीशी कसे घेतले, मान कशी कलती केली. पलीकडचा गलका हळूहळू लांब गेला. सगुणाबाई बाजूला जाऊन उभ्या राहिल्या असाव्यात.

"मान कलती करीसन?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हां. अशी डावीकडं."

"तोच शे," सगुणाबाई म्हणाल्या. शे म्हणजे आहे, हे भिमाबाईंना न सांगता कळलं. "ल्हानपनपासून तसाच उभा ऱ्हास तो. वासरूजवळ बी. पन ताई, तुमी इतलं ध्यान दीसन कसं काय दखं त्याले?"

 भिमाबाईंनी खरं ते सांगितलं. "माझी लेक समजून बघितला होता. म्हणून ध्यानात राहिला."

बुधवारी दुपारी भिमाबाई वसतिगृहातून लवकर सुटून आल्या. या वेळी कोणाला बोलावलं नव्हतं, फक्त सगुणाबाईंना वेळ कळवली होती. धोंडीरामनं पंख्याखालची खुर्ची टीव्हीसमोर ओढून ठेवली होती. मालवणचा भाग जवळ आला तशी सटाण्याहून फोनची रिंग वाजली. "माले दखाडा, माय. एकलीले उमगाव नही," सगुणाबाई म्हणाल्या. मग दोघी फोन कानाला लावूनच बसल्या.

सटाण्याचं चित्र जरा मागून येत होतं. इथं मासा दिसला तेव्हा तिथं अजून होडीच होती.

"आता येईल, ताई. तुमच्याकडं आता येईल. ठिपक्यांचा मासा. त्याच्या उजव्या अंगाला बघा, बारकासा."

थोड्या वेळानं पलीकडून एक हुंकार आला, आणि मग, "दिसना... दिसना वं माय, हाऊच शे मना योगेश." सगुणाबाई रडत होत्या की हसत होत्या, ते फोनवर समजत नव्हतं.  भिमाबाईंनी तो वेळ त्यांचा त्यांना दिला.

मासा निघून गेला. पाणी हिरवट झालं. तळाशी खडक, खडकावर पोवळी, काही पिवळी, काही जांभळट, काही हाडासारखी पांढरी. आणि बाजूनं एक हात आला. काळ्या मोज्यातला. त्यानं टेपचं टोक एका पांढऱ्या पोवळ्याजवळ धरलं, अगदी न लावता, कडेकडेनं. तापल्या पोराच्या कपाळाशी धरतात तसा तो हात होता.

"उजवा हाय," धोंडीराम म्हणाला.

भिमाबाईंना त्या हाताला खूप काही विचारायचं होतं. जेवलीस का, पाणी गार आहे का, कधी येतेस. त्या जराशा पुढं वाकल्या, आणि तेवढ्यात हात बाजूला झाला. त्याच्या जागी दुसरंच काही पोहत आलं. खर्जातला आवाज पुढच्या देशाबद्दल बोलू लागला. धोंडीराम उठून चष्मा पुसत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तेव्हा फोनमधून सगुणाबाईंचा आवाज आला. "आते माले एक हात दिखी ऱ्हायना. हाऊच शे का तुमनी अंजलीना?"

भिमाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"तोच. अजून हाय का तिथं?"

"शे ना, माय," सगुणाबाई म्हणाल्या. "आजून शे."