चौथ्यांदा बायोडेटा

लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आमचे जुने साहेब भेटले. पाच महिने नोकरीविना घरी असलेली माझी मैत्रीण सुनंदा त्यांच्यापाशी गेली. "सर, कुठे जागा असेल तर सांगाल का?"

"बायोडेटा पाठवा ना," साहेब तिच्या पलीकडे कुणाला तरी शोधत म्हणाले.

"तीनदा पाठवलाय, सर."

"मग चौथ्यांदा पाठवा!" ते हसले.

तीही हसली. "थँक यू, सर," म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरी मागणाऱ्यानं नम्र राहावं हे सगळेच शिकवतात. समोरच्यानं निदान तिच्याकडे बघून नाही म्हणावं, हे कुणीच कसं शिकवत नाही?

तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. उद्या माझीही नोकरी गेली तर, असं मनात आलं, आणि मी हसून हात जोडले. त्या हातांचा राग अजून गेलेला नाही.