हुरड्यासाठी आणलेली देवी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. नातवंडं तर मला फार खरं बोलणारी आजी समजतात — समजोत बिचारी. तुम्हाला मात्र सांगते. मी आजार निवडताना चूक केली. खोट्या रजेसाठी लोक पोटदुखी काढतात, डोकेदुखी काढतात. मी काय काढलं? देवी. अंगभर फोड, मग खपल्या, माणूस वाचलाच तर चेहऱ्यावर व्रण — त्या देवी. आणि रजा हवी होती दोन दिवसांची. आहे की नाही हुशार पोरगी?

महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. पुसदला मुलींच्या एका शाळेत मी नुकती शिक्षिका लागले होते, एका गल्लीत खोली घेऊन एकटी राहायची. नोकरी आहे तोवर लग्नाचं काढायचं नाही, असं वडिलांकडून वदवून घेतलेलं. म्हणजे नोकरी गेली की मी बोहल्यावर. एवढं ठाऊक असलेल्या मुलीनं जपून वागावं ना? पण ढाणकीकडून मावशीचा निरोप आला — हुरडा आलाय, लगेच ये, नाहीतर दाणा टणक होईल.

शाळेचे नियम मोठ्या बाईंना तोंडपाठ. पहिल्या वर्षी किरकोळ रजा नाही. आजारपणाची रजा डॉक्टरच्या दाखल्याशिवाय नाही. मी विचारून पाहिलं, तर म्हणाल्या, "ज्वारी पुढच्या वर्षीही पिकेल."

मग मला सुचलं — आणि स्वतःच्या अकलेचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू. देवी आलेल्या घरी डॉक्टरला कोण बोलावतं? दाराला कडुलिंबाची डहाळी लावली, की कोणी उंबरा ओलांडत नाही. दाखला मागणार कोण? पहाटे डहाळी खोवली, पुढच्या दाराला आतून कडी, मागच्या दाराला बाहेरून कुलूप, आणि मी एस.टी.त. शाळेची शिपाईण चौकशीला आली ती डहाळी पाहून लांबूनच हात जोडून परतली.

हुरडा कसा होता? खोटं का बोलू — तसा पुन्हा खाल्ला नाही. जवसाची चटणी, हात पोळवणारे हिरवे दाणे, आणि मोठ्या बाईंची मी केलेली नक्कल. मावसभावंडं हसून लोळली.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना मागच्या दारानं घरात शिरले. जेवणाची वेळ, पण गल्लीत कुठूनच फोडणीचा वास येईना. मला कळेना. मग आठवलं — देवीला फोडणीचा वास खपत नाही. माझ्यासाठी अख्खी गल्ली बिनफोडणीचं जेवत होती. आणि पुढच्या दाराबाहेर काकू, माझी घरमालकीण, उंबऱ्यावर पाणी ओतत गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होती, "शांत हो, माय. परक्याची लेक हाये." काकूची एकुलती एक मुलगी देवीनंच गेली होती, एवढं मला माहीत होतं. दाराच्या अलीकडे मी उभी — बोटांना अजून शेकोटीचा वास.

तेव्हा दार उघडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरले.

शाळेतून निरोप आला, खपल्या पडेपर्यंत पाऊल टाकायचं नाही. झालं! दोन दिवसांच्या रजेला आठवड्यांचं शेपूट लागलं. खिडकी बंद करून मी काकूचा दहीभात गिळत बसले.

आणि एका सकाळी देवी टोचणारा सरकारी माणूस दारात. एरवी तो दिसला की आमच्या गल्लीत लेकरं पलंगाखाली, कोठीत, कापसाच्या ढिगात जायची. म्हणाला, "पेशंट पाहू द्या." तो आत आला की नोकरी गेली.

"माय निजली हाये," काकू दारात आडवी झाली. "तिले उठवू नका. आधी आमाले टोचा." स्वतःचा दंड पुढे केला आणि गल्लीकडे वळून ओरडली, "कायले लपून राह्यल्या वं? माय दारात येऊन बसली, तरी तुमाले समजत नाही काय? आना लेकरं बाहेर!"

आली. एकेक करून सगळी आली. तो माणूस दुपार कलेपर्यंत टोचत राहिला, आणि इतका खूश झाला की मला पाहायचं विसरूनच गेला.

पुढच्या वर्षी पलीकडच्या वस्तीत खरीखुरी देवी आली. तिथे लेकरं गेली. आमच्या गल्लीत एकाही दाराला डहाळी लागली नाही. आता सांगा, छाती फुगवू का? फुगवतेच. शिवाय मोठ्या बाईंनी नियमात भर घातली: घरात देवी, गोवर असेल तर दाखल्याशिवाय पगारी रजा. कितीतरी शिक्षिका त्या नियमावर आपल्या तापलेल्या लेकरांपाशी बसल्या. तरी खोटं ते खोटंच. माझ्यामुळे लोक बिनफोडणीचं जेवले, आणि एका लेक गेलेल्या बाईला मी उंबऱ्यावर पाणी ओतायला लावलं — हुरड्यासाठी.

मी शाळेत परत गेले त्या दिवशी मोठ्या बाई माझा नितळ चेहरा निरखू लागल्या. काकू सोबत आली होती. तीच म्हणाली, "लहानी माय होती, बाई. कांजिण्या. खूण ठेवत नाही." मोठ्या बाईंनी मान हलवली. फाटकाबाहेर आल्यावर काकूनं माझा दंड धरला, आणि जे बोलली ते जसंच्या तसं सांगते:

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. देवी आलेली पोरगी मागच्या दाराले बाहेरून कुलूप लावते काय? माह्या पोरीले मी कापसाच्या ढिगात लपवलं होतं, टोचू नाही देल्लं. तवापासून या बायाइले सांगून राह्यली, लेकरं लपवू नका — माहं कोन आयकते? तुह्या डहाळीचं आयकलं. जा आता, शिकव पोरीइले. अन् पुढच्या खेपी जाशील, तं मूठभर हुरडा मले बी आनजो."