नकाशात नसलेल्या देशाचे फिटर

रविवार, २२ जानेवारी १९२८, संध्याकाळ. वाचनालयाचा हॉल, सोलापूर. हजर: अध्यक्ष वकीलसाहेब; गिरणीतले साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, पुढची बाकं भरून; पद्मशाली विणकर मंडळी, भिंतीला टेकून; शेजारच्या खानावळीच्या अक्का, चहा द्यायला आल्या आणि बसून राहिल्या; दाराशी साध्या वेषातला पोलीस, वर्गणी न भरता नियमित येणारा. मी चिटणीस, म्हणून नोंद माझी. वक्ते: गिरणीतले गोरे फिटर.

वक्ते उभे राहिले, बोट नाही नाही असं हलवलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, "इंग्रज न्हाय. तो देश दुसरा."

तुमच्यापैकी जे तेव्हा गिरणीच्या आसपास राहत होते, त्यांनी हे बोट पाहिलंच असेल. टांगेवाल्याने सलाम ठोकला की बोट. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की बोट. मराठी ते साचेवाल्यांकडून शिकले होते. गोऱ्या तोंडून "व्हय की" ऐकून नवखा माणूस दचकायचा.

हिंदुस्थान म्हणजे जंगल आणि पाऊस, असं त्यांना बोटीवर कुणीतरी सांगितलेलं. त्यामुळे गुडघ्याखाली येणारा रेनकोट आणि वाघासाठी बंदूक घेऊन ते सोलापूर स्टेशनवर उतरले. समोर धूळ, बाभळी आणि मेंढरं. वाघ कुठे, असं त्यांनी खुणांनी विचारलं. टांगेवाला म्हणाला, "मॅनेजरसायबाच्या भिंतीवर हाय की!"

आमचं ज्ञानही तितपतच. त्यांच्या फिनलंडबद्दल सभासदांचे समज मी सभेआधी फळ्यावर लिहून काढले होते: बर्फाची घरं, सहा महिने झोप, गल्लीत अस्वलं, शेती नाही. वकीलसाहेबांनी त्यात भर घातली, असा देशच नाही. पुरावा भिंतीवर होता. वाचनालयाचा नकाशा महायुद्धाआधीचा, त्यात फिनलंडच्या जागी रशियाचा रंग सलग पसरलेला.

त्या नकाशापायीच फिटर व्याख्यानाला तयार झाले. अट एकच: सभेला पटलं, तर तिथे त्यांच्या देशाचं नाव लिहायचं. नाही पटलं, तर ते पुन्हा विषय काढणार नाहीत. चालू इंजिनाच्या पोटात हात घालणारा हा माणूस. त्या संध्याकाळी कोट घालून बसला होता आणि सारखं पाणी मागत होता.

सुरुवातच बिघडली. "उन्हाळ्यात तितं सूर्य मावळत न्हाय," ते म्हणाले.

एक साचेवाला ओरडला, "मग इंग्रजच की तुमी!"

हॉल खो खो हसला. फिटरांचं बोट वर आलं आणि तसंच खाली गेलं.

मी घाईने पुढचा प्रश्न घेतला. शेती नाही, तर खाता काय?

"शेती हाय. काळं धान्य. त्याची भाकर. एकदम ढीगभर भाजायची. मदी भोक. काठीत ओवायची, छपराखाली टांगायची. वाळती. मग सा म्हयनं खायची."

"सहा महिने!" वकीलसाहेब म्हणाले. "आणि दात?"

"आमटीत मोडायची."

अक्कांनी किटली खाली ठेवली. "अय्यय्यो! ही तर आमची कडक भाकरीच की रे!"

त्या तडक खानावळीत गेल्या आणि ज्वारीच्या वाळवलेल्या, पापडासारख्या पातळ भाकऱ्यांची चवड घेऊन आल्या. फिटरांनी एक उचलली, कानाजवळ धरून मोडली. कट्. क्षणभर डोळे मिटले.

"हां. चांगली वाळली." मग ते कोरडीच चावू लागले आणि सगळा हॉल त्यांचा जबडा बघत राहिला.

"पाव खानारा सायब न्हाय रं," मघाचाच साचेवाला म्हणाला. "आपल्यातला हाय गडी."

चवड हॉलभर फिरली. वकीलसाहेबांनीही एक तुकडा घेतला आणि आता मनापासून विचारलं, "पण इतका छोटा देश, रशियाच्या बादशहाने सोडला कसा?"

"तो लई मोटा व्हता. आमी थोडी. लोक म्हनायचे, ह्यास्नी राज्य जमायचं न्हाय. भांडून मरतील. भांडलो बी. लई मानसं मेली. पर आता धा वरसं आमचं आमीच बगतो."

मग भिंतीला टेकलेल्या एका म्हाताऱ्या विणकराने टाळी वाजवली आणि हॉल उसळला. बाकं बडवली गेली. दाराशी पोलीसही टाळ्या वाजवत होता; लक्षात आल्यावर त्याने हात खिशात घातले.

मी ठराव मांडला. पहिला हात वकीलसाहेबांचा, भाकरीच्या तुकड्यासकट. फिटर स्टुलावर चढले आणि निळ्या शाईने हद्द आखली. नाव मी लिहिलं, ठळक. मग साचेवाल्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि "तो देश दुसरा!" अशी आरोळी गिरणीच्या फाटकापर्यंत गेली.

दोनेक वर्षांनी ते मायदेशी परतले. जाताना अक्कांकडून भाकऱ्यांचं गाठोडं नेलं, रेनकोट त्यांना दिला. पावसाळ्यात तो अजून खानावळीच्या सरपणावर पांघरलेला असतो.

वाचनालयाच्या कामांची यादी मी दरवर्षी नवी करतो. बाकांचे पाय बसवले. फळा रंगवला. एक काम मात्र दरवर्षी पुढच्या यादीत जातं. त्या संध्याकाळी स्टुलावरून उतरताना फिटरांनी हिंदुस्थानावरच्या इंग्रजी लाल रंगावर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं होतं, "चिटनीस, ह्ये कवा?"

मी तेव्हाच यादीत लिहून घेतलं. शाई आणून ठेवली आहे.