डाव्या हाताचा अंगठा

"गाडीत उदबत्ती लावत असतील, सर. गावठी लोक."

शोरूमचा मॅनेजर कंपनीच्या इंजिनिअरला इंग्रजीत सांगत होता. आवाज कमी करायचीही त्याला गरज वाटली नाही. समोरच मी आणि माझे वडील, आबा, बसलो होतो. आबांना कळलं नाही. मला शब्द न् शब्द कळला. मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

आठ दिवसांपूर्वी आबा मला कागलच्या एमआयडीसीत कामावर सोडायला निघाले होते. बॉनेटमधून धूर आला. मग जाळ. माझा सीटबेल्ट अडकला. तो सोडवताना आबांचा उजवा पंजा भाजला. सात महिन्यांची गाडी, रस्त्याकडेला सांगाडा झाली. उदबत्ती आम्ही कधीच लावली नव्हती. आई रोज गाडीत काचेपाशी एक जास्वंद ठेवायची. तेवढंच.

गाडी घेताना हाच मॅनेजर आबांना 'साहेब' म्हणत होता. हार, पेढे, फोटो. आता त्याने एक इंग्रजी कागद पुढे सरकवला. "करा सही, पावणं. नुसती फॉर्म्यालिटी हाय. त्याबिगर फाइल हलत न्हाय."

आबा माझ्याकडे वळले. "वाच की, बाळ."

वाचलं. आम्ही गाडीत उदबत्ती पेटवली, त्यातून आग लागली, म्हणून वॉरंटी लागू नाही. असं आम्हीच कबूल करत होतो. शाळेनं मला इंग्रजी शिकवलं होतं, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही हेही. मी गप्प, म्हणजे सगळं ठीक, असं आबांना वाटलं.

त्यांनी पेन उचललं. बँडेजमधल्या बोटांत ते ठरेना.

"ऱ्हाऊ द्या." मॅनेजरनं हसत ड्रॉवरमधून शाईचं पॅड काढलं. "डावा अंगठा द्या. तुमच्यात चालतोय की."

आबा मॅट्रिक आहेत. कोडोलीच्या आमच्या घरात माझी सगळी प्रगतिपुस्तकं जपून ठेवलीत, त्यांच्या वळणदार सहीसकट. आबांची मान खाली गेली. तरी त्यांनी अंगठा शाईत बुडवला. माझ्याकडे बघितलं नाही.

कागदाला टेकायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं. पलीकडची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, म्हणजे माझा आवाज मोठाच असणार.

"आबा अंगठा देणार न्हाईत. उदबत्ती आम्ही लावली न्हाय. बॉनेट तुमचं, वायरिंग तुमचं, वॉरंटीबी तुमचीच हाय. भरून तुम्हीच द्यायचं. तसं लिहा ह्या कागदावर. मी वाचणार, मगच सही."