मागची सहा भोकं

काकांचा मला अजून राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. दुबईहून मावसभावाने डीव्हीडी प्लेअर पाठवला, तो खास बाबांसाठी. कारखान्यातल्या खडखडाटाने बाबांचे कान अर्धे गेलेले. चांगला अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर सिनेमातलं बोलणं त्यांना कळेल, एवढीच आशा होती.

ठाण्याच्या दुकानात मी काकांबरोबर गेले. घरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा एकट्या माझ्याकडे. मी घसा फोडून सांगितलं, प्लेअरच्या मागे आवाजाची सहा भोकं आहेत, सहाही वायरी घेणारा अ‍ॅम्प्लिफायर बघा. पडद्यावरची माणसं बोलतात ते वेगळ्या वायरीतून येतं. दुकानदार माझ्याकडे बघेचना.

"त्याचं काय लोनचं घालायचंय?" काका म्हणाले. "हलदीला पत्रं हललं पायजेत!"

आमच्या कोपर गावात मशीन घ्यायचं ते लग्नातल्या हळदीच्या रात्रीच्या नाचगाण्याच्या मापाने. काकांनी दोनच वायरींचं, दिव्यांनी लखलखणारं धूड उचललं. घरी येऊन वायरी पहिल्या दोन भोकांत खुपसल्या, हळदीची गाणी लावली. गल्ली हादरली. "बग, तुजा डिप्लोमा!" काका हसले.

माझं डोकं फिरलं. लावा तुमचं तुम्ही, म्हटलं, आणि त्या मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही.

दुपारी घरात कोणी नसताना बाबा एकटेच सिनेमा लावायचे. मशीन आणल्याच्या अकराव्या दिवशी मी कामावरून लवकर आले. पडद्यावर एक बाई मुलाला काहीतरी सांगत होती. गाड्या, भांडी, मागचं संगीत, सगळं स्पष्ट. बोलणं तेवढं नाही. बाबा स्पीकरला कान लावून बसलेले. मला पाहून दचकले.

"गेलं गो कान माझं," ते म्हणाले. "गाना आयकू येतंय, मानसाचं बोलनं नाय. उद्या तुमचं पन आयकू नाय येनार. कुनाला सांगू नको."

म्हणून ते आठवडाभर ओट्यावर गप्पांना बसत नव्हते. मी एक वायर उपसून बोलण्याच्या भोकात घातली. बाईचा आवाज खोलीभर झाला. बाबा तोंड झाकून रडले.

संध्याकाळी काकांना मी दारातच धरलं. तोंडाला येईल ते बोलले.

"तुला कललेलं ना?" शेवटी ते म्हणाले. "मंग इतकं दिवस तू का नाय लावलीस?"

वायर बदलायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं.