मडगार्डच्या आतली हळद

वारंगा फाट्यावर गाड्या रंगवणारे चार जण आहेत, पण गाडी जुनी असली की माणसं देविदास राठोडकडेच येतात. येतात आणि वर बोलणीही खातात. बाहेरून रंग कुणीही मारील, गाडीची खरी परीक्षा चाकाच्या वर, मडगार्डच्या आत, असं त्याचं ठाम म्हणणं. चिखल, खडी, पाणी सगळं तिथंच आदळतं. म्हणून तिथला पत्रा लख्ख होईस्तोवर घासायचा, त्यावर लाल प्रायमर, तो वाळला की डांबरी लेपाचे दोन हात. घासलेल्या पत्र्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी हा भडकायचा, मग समोर गिऱ्हाईक का असेना. घामानं गंज धरतो म्हणायचा आणि तेवढी जागा पुन्हा घासायला बसायचा.

असा हा कडक माणूस आयुष्यात एकदाच चुकला, तेही जाणूनबुजून.

तेरा वर्षांपूर्वी जवळा बाजारच्या रामकिशनरावांची अ‍ॅम्बेसेडर त्याच्याकडे रंगायला आली होती. प्रायमर मारण्याआधी रामकिशनरावांनी गाडीची पूजा केली. शेतातल्या हळदीची वाटी घरून भिजवून आणली होती. देविदासची दिपा तेव्हा सात वर्षांची. पूजा आटोपल्यावर तिनं वाटीत अख्खा हात बुडवला, मागचं डावं चाक काढलेलं होतं तिथं वाकून शिरली आणि घासलेल्या कोऱ्या पत्र्यावर पंजा उमटवला. देविदासनं फडकं उचललं खरं, पण लेकीच्या हातची हळद पुसायला त्याचा जीव होईना. आत कोण बघतं, असं म्हणून त्यानं त्या ओल्या हळदीवरच प्रायमर मारला, वरून डांबर चढवलं. दिपा टाळ्या वाजवत होती.

मागच्या भादव्यात, एकोणीस वर्षांची होऊन, दिपा पाच दिवसांच्या तापानं गेली. तांड्यावरच्या घरात तिचे कपडे राहिले. तिच्या आईनं, अनुसयाबाईनं, ते एकदा धुतले. धुतल्यावर कपड्यांना लेकीचा वास राहिला नाही म्हणून ती दोन दिवस जेवली नाही.

आणि या हिवाळ्यात तीच गाडी पुन्हा दुकानाच्या दारात उभी राहिली. रामकिशनरावांची पुनम पुण्याला नोकरी करते. वडिलांना गाडी पहिल्यासारखी करून द्यायचं तिच्या मनात होतं. ती रंगाचं बोलत होती आणि देविदास मागच्या डाव्या चाकाकडे बघत होता.

"काका, किती दिवस लागतील?"

"लागतील तितके लागतील, ताई."

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. अनुसयाबाईची तव्यावरची भाकर करपली.

"दिसल का वो तिचा हात?"

"लेप काढला की दिसल."

"मंग मी येते. मी आल्याबिगर काढू नका."

तीन चाकांचं काम त्यानं मशीनच्या ब्रशनं दोन दिवसांत उरकलं. तिन्हीकडं पत्रा ठणठणीत होता. चौथ्याला मात्र मशीन लावलं नाही. अनुसयाबाई उलट्या डब्यावर बसली, आणि तो रॉकेलचं फडकं अन् बोथट पट्टी घेऊन आत वाकला. डांबर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं निघत गेलं. खाली पिवळं काहीच नव्हतं. हळदीतली ओल आतल्या आत राहिली होती, रंगानं तिथं पत्रा धरलाच नव्हता. तपकिरी पापुद्रे गळून पडले आणि उघड्या डिकीतला उजेड आरपार आला. पाच बोटं, एक तळवा. पत्रा होता कुठं? हाताच्या आकाराचं भोक होतं.

देविदासनं पडलेले पापुद्रे तळहातावर घेतले. "मीच घालवला. तवा पुसली असती, नीट घासलं असतं तर..."

"तर तवाच गेला असता," अनुसयाबाई म्हणाली. ती उठली, वाकून आत शिरली आणि त्या भोकावर तिनं आपला हात ठेवला. बोटाला बोट बराबर बसलं.

"सात सालाच्या लेकराचा हात येवढा ऱ्हातो व्हय?"

"गंज वाढतो," देविदास म्हणाला. "दरसाल थोडा थोडा."

"जाताना येवढाच होता तिचा. दवाखान्यात मीच धरून बसले होते न्हव का."

मग मात्र देविदासला आवरलं नाही. भर फाट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तो लहान पोरासारखा रडला. गंज ठेवून काम होत नसतं, चांगला पत्रा लागेपर्यंत चारी बाजूंनी कापावं लागतं, हे तो दुसऱ्यांना शंभरदा सांगत आलेला माणूस.

"पुनमताईला सांगतो," तो डोळे पुसत म्हणाला, "येवढं एक चाक राहू द्या म्हणून."

"काहून? लोकाची गाडी हाये. पानी शिरंल आत. कापा तुमी."

त्यानं कटर उचललं, वायर जोडली.

"हात काढ मंग."

"काढते," अनुसयाबाई म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही.